चाळीस फुटी गल्लीतली डाळ मिल

डाळ मिलचे मालक असलेले दोघे भाऊ माझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आले. पहिल्या भेटीत धाकट्या भावाने एकच प्रश्न विचारला. "साहेब, आमच्या प्लॉटवर किती माळे चढतीन ते सांगा आधी. बाकी मंग पाहू."

थोरला शेजारी बसला होता, काही बोलला नाही. त्याने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले: आखीव पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, वडिलांच्या नावाचं खरेदीखत आणि घडीवर फाटलेला ले-आउटचा, म्हणजे वस्तीच्या मंजूर आखणीचा, जुना अमोनिया प्रिंट. त्या दिवशी मी तो प्रिंट नीट पाहिलाही नाही. पुढचे दहा महिने मात्र सगळं प्रकरण त्याच कागदाभोवती फिरलं.

प्लॉट पूर्व नागपुरातला. लकडगंज, बगडगंज, वर्धमान नगर या पट्ट्यात आरामशीन, डाळ मिल, तेलघाण्या, गोदामं आणि घरं एकमेकांना खेटून वाढली, तसलीच ही एक गल्ली. नेमकी जागा सांगत नाही, कारण कुटुंब खासगी आहे. मापं सांगतो. रस्त्यालगत ३० मीटर, खोली ४० मीटर, म्हणजे १२०० चौरस मीटर. मागच्या बाजूला मिलची शेड, समोर डाळ वाळवायचं मोठं फरसबंद अंगण आणि रस्त्याला लागून माल चढवायचा दगडी ओटा. तुरीला तेलपाणी लावून ती उन्हात वाळवायची आणि मग भरडायची, ही जुनी पद्धत. त्या पद्धतीत अंगण हेच मिलचं मुख्य यंत्र असतं. ड्रायर आला आणि अंगण रिकामं झालं. म्हणून जवळपास दोन तृतीयांश प्लॉट आकाशाखाली मोकळा होता आणि धाकट्याला त्यात इमारत दिसत होती.

थोरल्याचं म्हणणं वेगळं होतं. मिल चालवायची तर इथे पुढे वाव नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. मिल सुरू झाली तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती. पुढे २०००-०१ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यात हा भाग निवासी झोनमध्ये आला. नगररचनेत अशा धंद्याला विसंगत वापर म्हणतात. आधीपासून चालू आहे म्हणून तो चालू ठेवता येतो, पण वाढवता येत नाही. नवी शेड टाकायची, यंत्रांची संख्या वाढवायची, वर एक मजला चढवायचा, तर परवानगी मिळत नाही. उद्योगाच्या घनतेवर याहून कडक मर्यादा दुसरी नसेल, कारण इथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. आहे ते आहे तेवढंच राहतं. थोरल्याने शहराबाहेर बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत जागा पाहून ठेवली होती. तिथे एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि तिची नियमावलीही वेगळी. शहराच्या नियमांशी तिचा संबंध नाही. मिल तिकडे न्यायची आणि इथे दुकानं व ऑफिसं बांधून भाड्याने द्यायची, यावर दोघांचं एकमत होतं. प्रश्न होता किती बांधायचं याचा.

धाकट्याच्या डोक्यात 'चार' हा आकडा बसला होता. सेंट्रल अव्हेन्यूवरून प्रजापती नगरपर्यंत मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा), मिळू शकतो ही माहिती २०१७ पासून बाजारात फिरते आहे. माहिती खरी आहे, फक्त अर्धी आहे. तो चार सरसकट नाही. प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी वाढेल तसा तो चढत जातो. आणि यांचा प्लॉट मार्गापासून सातशे मीटरच्या आसपास भरला. मी नकाशावर रेषा आखून दाखवली तेव्हा धाकटा बराच वेळ त्या दोनशे मीटरकडे पाहत राहिला. रेषेच्या आतल्या माणसाचं आणि बाहेरच्या माणसाचं ऊन, पाणी, रस्ता सारखाच असतो. पण रेषा कुठेतरी आखावी लागते, आणि स्टेशनपर्यंत चालत जाता येईल एवढं अंतर हा तिचा आधार मला चुकीचा वाटत नाही.

मग आम्ही नेहमीच्या तक्त्याकडे आलो.

महाराष्ट्रात मुंबई महापालिका, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिलाच सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्याआधी प्रत्येक शहराची नियमावली निराळी होती. नव्या नियमावलीत दाटीवाटीच्या जुन्या वस्तीबाहेरच्या प्लॉटला मूळ एफएसआय १.१० आहे. त्याच्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाची रक्कम, भरून घ्यायचा प्रीमियम एफएसआय, आणि त्याच्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्याने रस्त्यासाठी किंवा विकास आराखड्यातल्या आरक्षणासाठी दिलेल्या जमिनीच्या मोबदल्यात निर्माण झालेला विकास हक्क. हे दोन थर किती चढवायचे ते समोरचा रस्ता ठरवतो. नागपूरसारख्या मोठ्या शहरात रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर दोन्ही थर शून्य, एकूण १.१०. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.४०, एकूण २.००. तो १२ ते १५ असेल तर टीडीआर ०.६५ होतो आणि एकूण २.२५. असं वाढत वाढत ३० मीटर रस्त्यावर ३.०० पर्यंत. याशिवाय जिना, लिफ्ट, लॉबी, पॅसेज, भिंती यांच्यासाठी अनुषंगिक क्षेत्र असतं. घरांसाठी ते ६० टक्के आणि बिगरनिवासी बांधकामासाठी ८० टक्के, तेही अधिमूल्य भरून. पूर्वी जिना-लॉबी एफएसआयमधून वगळून घ्यायचे आणि त्यावरून वाद घालायचे. आता सगळं मोजलं जातं आणि त्या बदल्यात हे ८० टक्के मिळतात.

म्हणजे प्लॉटचा आकडा प्लॉटवर लिहिलेलाच नसतो, तो समोरच्या रस्त्यावर लिहिलेला असतो. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. बहुतेकांना ते तांत्रिक वाटतं. या दोघा भावांना ते टेप धरून समजावं लागलं.

धाकटा खात्रीने म्हणाला, "रोड चाळीस फुटी आहे आमचा. सारी दुनिया चाळीस फुटी गल्लीच म्हणते त्याले."

चाळीस फूट म्हणजे १२.१९ मीटर. बारा मीटरच्या पायरीवर अवघ्या १९ सेंटीमीटरने चढणारा रस्ता. जुन्या ले-आउटचे रस्ते फुटांत आखलेले आणि आजचे नियम मीटरमध्ये लिहिलेले, त्यामुळे तीस फुटी रस्ता ९ मीटरच्या वर १४ सेंटीमीटरने निघतो आणि चाळीस फुटी १२ च्या वर १९ ने. नागपुरातल्या कितीतरी प्लॉटचं भवितव्य या वीतभर जास्तीवर उभं आहे. वीतभर कुणी खाल्ली की पायरी हुकते.

आम्ही रविवारी सकाळी सहा वाजता मोजायला गेलो, ट्रक लागण्याच्या आधी. गल्लीत सहा ठिकाणी माप घेतलं. मिलच्या समोर ३१ फूट भरला. सगळ्यात अरुंद जागा गल्लीच्या तोंडाशी. तिथे एका बाजूला पंक्चरच्या दुकानाचं पक्कं बांधकाम सहा फूट पुढे आलेलं, दुसऱ्या बाजूला विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा चौथरा पाच फूट. उरले २९. एकोणतीस फूट म्हणजे ८.८४ मीटर.

नऊ मीटरला सोळा सेंटीमीटर कमी.

धाकट्याने टेप पुन्हा लावायला सांगितली. पुन्हाही तेवढंच भरलं. मग मी त्याला मिलसमोर आणलं आणि तिथले ३१ फूट कसे झाले ते दाखवलं. समोरच्या घराच्या पायऱ्या चार फूट रस्त्यात आलेल्या. आणि आपल्या बाजूला पाच फूट खाल्लेले, ते माल चढवायच्या दगडी ओट्याने. ओटा त्यांच्या आजोबांनी बांधलेला. प्लॉटच्या हद्दीच्या पूर्ण बाहेर.

हे सांगताना मला बरं वाटलं नाही. त्या ओट्यावर बसून थोरल्याने लहानपणी पोती मोजली होती. पण हिशेब असा होता की ज्या रस्त्याच्या रुंदीवर त्यांचा सगळा बेत उभा होता, त्या रस्त्याचा आठवा हिस्सा मिलच्या दारासमोर त्यांनी स्वतःच व्यापला होता.

आता तीन आकडे समोर होते आणि तिन्हींना काही ना काही आधार होता.

प्रत्यक्ष रस्ता धरला, ८.८४ मीटर, तर एफएसआय १.१०. प्लॉट १२०० चौरस मीटर, म्हणून १३२० चौरस मीटर. त्यावर ८० टक्के अनुषंगिक, १०५६. एकूण २३७६. पण एवढ्या अरुंद रस्त्यावर निवासी झोनमध्ये सबंध व्यापारी इमारत उभी करता येत नाही. तळमजल्यावर वस्तीला लागणारी छोटी दुकानं इतपतच वाव असतो. म्हणजे बांधकाम मिळतं, पण वापर मिळत नाही.

दुसरा मार्ग महापालिका अधिनियमातला. कलम २१० खाली महापालिका रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेचार मीटर सोडायला लावून नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्ता नऊचा करायचा, आणि मग नऊ मीटरच्या पायरीचा एफएसआय द्यायचा, अशी सोय नियमावलीत आहे. तसं झालं तर २.००, म्हणजे २४०० आणि अनुषंगिक १९२०, एकूण ४३२०.

तिसरा मार्ग त्या फाटक्या अमोनिया प्रिंटचा. मंजूर ले-आउटमध्ये रस्ता चाळीस फुटी आहे. तो सार्वजनिक रस्ता आहे, अतिक्रमणाने त्याची कायदेशीर रुंदी कमी होत नाही. तो धरला तर २.२५. मूळ १३२०, प्रीमियम ६००, टीडीआर ७८०, मिळून २७००. अनुषंगिक २१६०. एकूण ४८६० चौरस मीटर.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक २४८४ चौरस मीटर, सुमारे २६,७०० चौरस फूट. जमीन तीच, मालक तेच, झोन तोच. फरक एवढाच की रस्ता कागदावरचा मोजायचा की जमिनीवरचा.

धाकट्याला उत्तर सापडलं होतं. "मंग कागदावरचाच धरा नं!"

ही जी वृत्ती आहे तिच्याबद्दल इथे थोडं थांबून बोलतो, कारण ती एकट्या त्याची नाही. आपण एफएसआयला प्लॉटमालकाची मालमत्ता समजतो. समोरचा रस्ता रुंद झाला की माझा भाव वाढला, एवढंच आपल्याला दिसतं. पण तक्ता रस्त्याला का बांधलेला आहे? कारण इमारतीत येणारा माणूस, गाडी, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, अग्निशमनचा बंब, सांडपाणी, सगळं त्याच रस्त्यावरून किंवा त्याच्या खालून जाणार असतं. रस्ता गल्लीतल्या सगळ्यांचा, म्हणून त्याच्या जोरावर मिळणारा एफएसआयही खरं म्हणजे सगळ्यांच्या सामायिक खात्यातून येतो. कागदावरच्या बारा मीटरवर एकाने पाच हजार चौरस मीटर बांधलं आणि जमिनीवर रस्ता पावणेनऊचाच राहिला, तर त्याने उचललेली उचल बाकीच्या एकवीस प्लॉटधारकांनी फेडायची असते, रोज सकाळी नऊ वाजता, हॉर्न वाजवत. नागपुरात १९०० आणि ५७२ हे अनधिकृत ले-आउटचे आकडे लोकांना पाठ आहेत. गुंठेवारीत कापलेले प्लॉट, नंतर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं, पत्र घेऊन नियमित झालेले. तिथले कित्येक रस्ते जन्मतःच अरुंद आहेत आणि तक्त्याच्या पहिल्याच ओळीत बसतात. तिथला माणूस १.१० वर समाधान मानतो. इथे तर पूर्वीच्या नियोजकांनी चांगला चाळीस फूट रस्ता ठेवला होता. तो आपणच खाल्ला.

समोरच्या काकूंनी हे माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. त्या मोजणीच्या वेळी फाटकात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बांधा बापा, बांधायले आमची ना नाही. पण मागच्या वर्षी यायले अटॅक आला तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच उभी राह्यली. स्ट्रेचर हातात धरून नेला आम्ही." त्यांनी आत खुर्चीवर बसलेल्या काकांकडे हात केला. धाकटा गप्प झाला. थोरला मान खाली घालून ओट्याकडे पाहत होता.

पुढची पायरी मी ऑफिसात बसून केली, आणि खरं उत्तर तिथे निघालं. एफएसआयचा आकडा बाजूला ठेवून मी प्लॉटवर इमारत बसवून पाहिली.

मॉलसारखी व्यापारी इमारत, एका मजल्यावर ५०० चौरस मीटरहून जास्त आच्छादन किंवा २४ मीटर उंची, यांपैकी काही झालं की ती विशेष इमारतीच्या वर्गात जाते आणि आगीचे नियम कडक होतात. बंब चारही बाजूंनी फिरायला सहा मीटर मोकळे सोडायचे धरले, तर तीस मीटरच्या रुंदीतून १८ उरतात आणि चाळीसच्या खोलीतून २८. अठरा गुणिले अठ्ठावीस, ५०४ चौरस मीटरचा मजला. त्यात ४८६० बसवायचे तर जवळपास दहा मजले लागतात. मजल्याला ३.६ मीटर धरले तर ३६ मीटर उंची. उंची वाढली की हद्दीपासून मोकळी सोडायची सामासिक अंतरंही वाढतात, म्हणजे मजला आणखी लहान होतो आणि मजल्यांची संख्या आणखी वाढते. हे चक्र संपतच नाही.

आणि पार्किंग. हिशेबासाठी मी वापरायोग्य दर शंभर चौरस मीटरमागे दोन कार धरल्या. दुचाकींचा विचारच केला नाही, आणि नागपुरात दुचाकीशिवाय विचार म्हणजे विचारच नाही. २५०० चौरस मीटर दुकानं-ऑफिसांना ५० कार. एका कारला येण्याजाण्याच्या वाटेसह साधारण २७ चौरस मीटर लागतात. साडेतेराशे चौरस मीटर झाले, म्हणजे सबंध प्लॉटपेक्षा जास्त. दोन तळघरं खणावी लागतील, त्यांचे रॅम्प तळमजल्यावरची सगळ्यात जास्त भाड्याची जागा खातील, आणि दोन तळघरांचा खर्च भाड्यातून निघायला किती वर्षं लागतील ते थोरल्याने मनातल्या मनात हिशेब करून मला सांगितलं. तो आकडा ऐकून धाकट्याने कॅल्क्युलेटर काढला, पण तोही त्याच्याच जवळपास आला.

वर टीडीआर विकत घ्यायचा. टीडीआरचं एक गणित लोकांच्या लक्षात येत नाही. तो जिथे निर्माण झाला तिथला जमिनीचा रेडी रेकनर, म्हणजे सरकारी, दर आणि जिथे वापरायचा तिथला दर यांच्या प्रमाणात तो लहानमोठा होतो. समजा शहराच्या कडेला दहा हजार दराच्या जमिनीवर हजार चौरस मीटरचं प्रमाणपत्र मिळालं, आणि ते पंचवीस हजार दराच्या जागेवर आणलं, तर तिथे ते चारशेच भरतं. कागदावर हजार पाहून व्यवहार करणारा माणूस ऐनवेळी अडकतो. हा नियम बरोबर आहे. तो नसता तर कडेची सगळी स्वस्त घनता शहराच्या मधोमध येऊन कोसळली असती. पण या प्लॉटसाठी ७८० चौरस मीटर टीडीआर उभा करायचा म्हणजे किती प्रमाणपत्रं जमवावी लागतील याचा अंदाज घेतल्यावर धाकट्याचा 'सव्वादोन' बराच शांत झाला.

मग मी उलट बाजूने आखलं. मजल्याचं आच्छादन ५०० च्या आत ठेवायचं, ४७५. उंची २४ मीटरच्या बरीच खाली. तळमजला अधिक चार. पाच गुणिले ४७५, २३७५ चौरस मीटर. एक तळघर, आणि बाकीच्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत. अग्निशमन विभागाचं ना-हरकत लागणारच, पण ते सरळ मिळण्यासारखं.

आणि मग पहिल्या पानावरचा आकडा पुन्हा पाहिला. १.१० आणि त्यावर ८० टक्के: २३७६.

प्रीमियम एफएसआय नको, टीडीआर नको. अनुषंगिक क्षेत्राचं अधिमूल्य तेवढं भरायचं. प्लॉटच्या आकारात, आगीच्या आणि पार्किंगच्या नियमांत शहाणपणाने जी इमारत बसते, तिला तक्त्याची सगळ्यात खालची ओळ पुरते. रुंद रस्ता हवाच होता, पण तो एफएसआयसाठी नव्हता. वापरासाठी हवा होता. व्यापारी इमारतीची परवानगी पावणेनऊ मीटरच्या गल्लीत मिळत नाही. बारा मीटरचा रस्ता सिद्ध करायचा, आणि त्याच्यावर मिळणारी जास्तीची घनता घ्यायची नाही, असा प्रस्ताव मी दोघांपुढे ठेवला.

धाकट्याला दोन दिवस लागले. "सोडून देयाचं का मंग हजारो फूट?" तो फोनवर विचारत राहिला. मी त्याला सांगितलं की सोडत नाही आहेस. पाया आणि कॉलम पुढच्या दोन मजल्यांचा विचार करून घेऊ, एवढी मुभा ठेवू. ज्या दिवशी गल्ली खरोखर चाळीस फुटी होईल त्या दिवशी प्रीमियम भरून वर चढव. तेव्हा त्या मजल्यांना भाडेकरूही मिळेल. तिसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला: "साहेब, ओटा पाडायले माणूस लावला आम्ही."

मी परवानगीच्या अर्जाआधी पाडा असं म्हटलं नव्हतं. तो त्यांचा निर्णय. दोन दिवसांत दगड निघाले. ते दगड त्यांनी बुटीबोरीच्या मिलच्या फाटकासाठी नेले.

अर्ज ऑनलाइन भरला. सोबत ले-आउटची प्रमाणित प्रत, मोजणी नकाशा, आणि मी स्वतः केलेला एक वेगळा तक्ता: गल्लीत सहा ठिकाणी कागदावरची रुंदी, जमिनीवरची रुंदी, आणि मधलं अंतर कशाने व्यापलंय. सहसा आर्किटेक्ट हा तक्ता जोडत नाहीत, कारण तो आपल्याच विरुद्ध जाऊ शकतो. मी जोडला. तपासणीला आलेल्या अभियंत्याने पहिली शंका तीच काढली, गल्लीच्या तोंडाची. बंब वळेल का? त्याची शंका रास्त होती. आम्ही वळणाची आखणी काढून दाखवली: ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आहे तिथेच राहिला तर बंब एका फेरीत वळत नाही, मागेपुढे करावं लागतं. दोन त्रुटी, तीन सुनावण्या, बराच पत्रव्यवहार. मधले महिने सांगण्यासारखे नाहीत, प्रत्येक प्रकरणात ते सारखेच असतात.

परवानगी तळमजला अधिक चारची मिळाली, ले-आउटची १२.१९ मीटर रुंदी ग्राह्य धरून. अटी दोन महत्त्वाच्या. प्लॉटसमोरचं सगळं अतिक्रमण हटवल्याचा पुरावा दिल्याशिवाय जोत्याचा दाखला मिळणार नाही. आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी गल्लीच्या तोंडाची रुंदी पुन्हा तपासली जाईल. दुसरी अट काही आर्किटेक्टना जाचक वाटेल. माझ्या मते या सगळ्या फाइलमधली तीच सगळ्यात चांगली ओळ आहे, कारण तिच्यामुळे इमारतीची घनता पहिल्यांदाच तिच्या हद्दीबाहेरच्या रस्त्याशी कागदोपत्री बांधली गेली.

मिलमधल्या सात कामगारांबद्दल एक गोष्ट. जमीन औद्योगिक झोनमध्ये असती आणि बंद पडलेल्या कारखान्याची जागा निवासी किंवा व्यापारी करायची असती, तर कामगारांची देणी चुकती केल्याचं कामगार आयुक्तांचं प्रमाणपत्र लागलं असतं. इथे झोन निवासी, त्यामुळे तो कागद कुणी मागितला नाही. तरीही थोरल्याने सगळ्यांचा हिशेब लेखी केला, चौघे बुटीबोरीला गेले, तिघांना पैसे देऊन मोकळं केलं. नियमात ती ओळ निवासी झोनच्या विसंगत उद्योगांनाही लावायला हवी, असं मला या प्रकरणापासून वाटतं.

अंगणाचंही एक आहे. इतकी वर्षं ते फरसबंद होतं, पावसाचं सगळं पाणी गल्लीत जायचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हापासून नागपुरात पाण्याच्या वाटेचा विचार घरोघरी होतो. इथे इमारतीभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यांपैकी मागचा पट्टा फरशीविना ठेवलाय, छताचं पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात उतरतं. दहा मजल्यांसाठी दोन तळघरं खणली असती तर हा पट्टा उरलाच नसता.

काम आता दुसऱ्या स्लॅबवर आहे. मिलचा ओटा गेल्यावर समोर ३६ फूट झाले होते. नंतर काकूंनी आपल्या पायऱ्या कापून आतल्या बाजूला वळवल्या, त्यांना कुणी नोटीस दिली नव्हती. मिलसमोर आता टेप लावली तर पूर्ण चाळीस फूट भरतात. गल्लीत आणखी तीन घरांनी ओटे मागे घेतले. बाकीच्यांनी नाही.

तोंडाशी मात्र एकोणतीसच आहेत. ट्रान्सफॉर्मर हलवण्याचा अर्ज वीज कंपनीकडे दिला आहे, त्याचा खर्च भाऊ आणि आणखी चार प्लॉटधारक वाटून घेणार आहेत. पंक्चरवाले तीस वर्षांपासून तिथे बसतात. पाडायला सांगणं सोपं होतं, पण कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात थोरला ऑफिसात आला आणि तळमजल्याच्या नकाशावर रस्त्याकडच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला, "इथं तीन बाय तीनचं एक दुकान काढता येईन का? हवेची मशीन बसली पायजे." नऊ चौरस मीटर. मी दुरुस्त नकाशा काढला आहे. त्याची एक प्रत पंक्चरवाल्यांच्या दुकानात भिंतीला लावली आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की त्या दुकानाचं शटर रस्त्याकडे उघडेल की आत.

रस्त्याकडे, मी सांगितलं. पण ओटा नाही काढता येणार.